शंभरीची वाट
महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे चरित्र

आम्ही करवीरची माणसे. ज्यांना पंढरीची पायी वारी झेपत नाही, असे आमच्यातले पुष्कळजण आषाढी एकादशीला कोल्हापुरातून निघणाऱ्या दिंडीबरोबर नंदवाळला जातात. नंदवाळला आमच्याकडे प्रति पंढरपूरच म्हणतात. वाटेत पुईखडीच्या माळावर रिंगण होते, पाऊस असतोच, आणि टाळमृदंगाच्या नादात वाट कधी सरली ते कळत नाही.

मागे एकदा या वाटेवर एक म्हातारी माउली झाडाखाली बसलेली दिसली. गुडघे धरले होते. डोक्यावरची तुळस तिने हलकेच बाजूला ठेवली होती. आमच्याबरोबरचे एक गृहस्थ मोठे उत्साही. त्यांनी तिला उपदेश केला की मन प्रसन्न ठेवावे, म्हणजे शरीर आपोआप निरोगी राहते. ज्याचे मन चांगले त्याला व्याधी शिवत नाही. म्हातारीने ऐकून घेतले. मग खाली मान घालून तिने एवढेच विचारले की, तर मग आपल्या मनातच काही खोट असेल का? चाळीस वर्षे माळ गळ्यात आहे, एकादशी चुकवली नाही, आणि तरी गुडघे गेले.

ते गृहस्थ गप्प झाले. आम्हीही गप्प झालो. टाळ वाजत होते म्हणून बरे, नाहीतर ती शांतता फार अवघड गेली असती.

तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. प्रसन्न मनाचा महिमा संतांनी गायिला आहे, तो खोटा कसा असेल? आणि तो खरा, तर त्या माउलीला काय सांगायचे? या विचारात असताना आम्हांला महाराष्ट्रातल्या एका दीर्घायुषी पुरुषाचे चरित्र पुन्हा एकदा चाळावेसे वाटले. ते म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे, ज्यांना सगळे अण्णा म्हणत. १८ एप्रिल १८५८ रोजी जन्म, ९ नोव्हेंबर १९६२ रोजी देहावसान. एकशे चार वर्षे आणि वर सहा महिने! ते काही वारकरी नव्हते आणि आम्ही त्यांना ओढून वारकरी करणार नाही. त्यांच्या गळ्यात माळ नव्हती, देवाधर्माच्या बाबतीत त्यांची बुद्धी स्वतंत्र होती. पण त्यांच्याइतके चाललेला माणूस शोधून सापडायचा नाही, आणि चालणाऱ्याची गोष्ट ऐकायला वारकऱ्याला केव्हाही आवडते.

मुरूड ते सातारा, आणि मग कोल्हापूर

अण्णांचा जन्म कोकणातला. रत्नागिरी जिल्ह्यात खेड तालुक्यातले शेरवली हे त्यांचे आजोळ. तेथे ते जन्मले आणि दापोलीजवळच्या मुरूड गावी वाढले. घर गरिबीचे. वडील केशवपंत, आई लक्ष्मीबाई. खाऊनपिऊन सुखी म्हणावे असेही दिवस नव्हते, पण मिंधेपणा घ्यायचा नाही हे आईवडिलांनी मुलांच्या अंगी बाणवले होते.

१८७५ साली सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी त्यांना साताऱ्याला जायचे होते. दिवस पावसाळ्याचे, समुद्रावरून जाण्याची सोय नाही, आणि हाताशी वेळ थोडा. बरोबरच्या मुलांसंगे हा मुलगा पायीच निघाला. कुंभार्ली घाट चढून, भिजत, चिखल तुडवत सुमारे ११० मैलांची वाट त्यांनी चारेक दिवसांत काटली. आजच्या वाचकाला मैल म्हणजे काय ते सांगावे लागते. कोल्हापूरहून पंढरपूर जेवढे लांब, जवळजवळ तेवढी ही वाट. साताऱ्याला पोहोचले, परीक्षकांसमोर उभे राहिले, आणि परीक्षकांनी मुलाकडे पाहून ठरवले की हा सतरा वर्षांचा दिसत नाही. वयाची अट पुरी होत नाही म्हणून परीक्षेला बसू दिले नाही. अण्णा चणीने लहानखुरे होते, हाच काय तो अपराध.

विचार करा, वाचकहो. पंढरीच्या वेशीपर्यंत जावे आणि महाद्वार बंद व्हावे, तशातली ही गत. पोर घरी परत आले. त्यांनी पुढे आपल्या आत्मवृत्तात ही हकिकत लिहिली आहे, पण त्यात परीक्षकांवर राग नाही, दैवाला बोल नाही. झाले ते सांगितले आणि पुढे गेले. पुढच्या वर्षी तीच परीक्षा द्यायला हा मुलगा कोठे आला? आमच्या कोल्हापूरला आला. आणि पास झाला. करवीरनिवासिनीच्या या गावात त्यांचा अडलेला पाय सुटला, ही गोष्ट कोल्हापूरकरांना फारशी ठाऊक नसते म्हणून मुद्दाम सांगितली.

येथे एक खूण ध्यानात ठेवावी. अण्णांचे मन प्रसन्न होते ते कसे? हसतमुख राहून, सगळे छान आहे असे घोकून? तसे नाही. वाईट वाटले असेल, पाय सुजले असतील. पण झालेला अपमान त्यांनी रवंथ करीत ठेवला नाही. ही सवय त्यांना पुढे ऐंशी-पंचाऐंशी वर्षे पुरली.

दुःखे चुकली नाहीत

दीर्घायुषी माणसाचे चरित्र वाचताना वाटते, याला काही त्रास झालाच नसेल. अण्णांचे तसे नव्हते. पंधराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. पत्नी राधाबाई तेव्हा नऊएक वर्षांच्या. शिक्षणाला उशीर झालेला, मॅट्रिक झाले तेव्हा वय २३ होते. मुंबईत शिकवण्या करून पोट भरायचे आणि शिकायचे, अशा रीतीने १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी.ए. झाले. मिळकतीतला काही भाग बाजूला काढून तो मुरूडच्या कामासाठी द्यायचा, हा परिपाठ त्यांनी गरिबीतही ठेवला होता.

१८९१ साली राधाबाई गेल्या. मागे लहान मुलगा रघुनाथ. त्याच वर्षी अण्णांना पुण्याच्या फर्गसन कॉलेजात गणित शिकवण्यासाठी बोलावणे आले आणि ते पुण्याला आले. पुढे १९१४ पर्यंत ते तेथे शिकवीत होते.

विधुराने कोवळ्या कुमारिकेशी लग्न करावे, हा त्या काळचा सरळ मार्ग. अण्णांनी तो धरला नाही. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्या पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातल्या, त्यांच्या मित्राची बहीण. लग्नानंतर त्यांचे नाव आनंदीबाई. लोक त्यांना बाया म्हणत. या लग्नाची वार्ता मुरूडला पोहोचली आणि गाव फिरले. जे गाव त्यांच्या पैशाने उपकृत झाले होते, त्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. भावाने घरात घेतले तर भावालाही वाळीत टाकू, असा धाक घातला. आईला मुलाच्या पंक्तीला बसता येईना. घरच्या माणसांची ही कुचंबणा त्यांना स्वतःच्या अपमानापेक्षा जड गेली.

पंक्तीतून उठवले जाणे म्हणजे काय, हे वारकऱ्याला सांगायला नको. चोखोबांना काय सोसावे लागले, ज्ञानोबा आणि त्यांच्या भावंडांना आळंदीत काय सोसावे लागले, हे आपण कीर्तनात दरसाल ऐकतो. अण्णांनी गावाशी भांडण मांडले नाही आणि आपली वाटही सोडली नाही. ज्या गोष्टीसाठी मुरूडने त्यांना बाहेर काढले, त्या विधवाविवाहाला पुढे १९१७ साली कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींनी कायद्याचे बळ दिले. लोकांची मने पालटायला चोवीस वर्षे गेली म्हणावी, तर आजही कितीक घरांत ती पुरती पालटलेली नाहीत.

हिंगण्याची रोजची वारी

१८९६ साली अण्णांनी अनाथ बालिकाश्रम काढला. विधवांना आसरा आणि शिक्षण द्यायचे, हा हेतू. पुण्यात प्लेगाने थैमान घातले तसे गावाबाहेर जागा पाहणे आले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन दिली. १९०० साली तेथे एक झोपडी उभी राहिली. आज त्या भागाला कर्वेनगर म्हणतात आणि तेथे मोठमोठ्या शाळा-कॉलेजे आहेत. तेव्हा सगळे माळरान होते.

कॉलेज पुण्यात, आश्रम हिंगण्याला. मधे सुमारे चार मैल आणि धड रस्ता नाही. दिवसभर कॉलेजात गणित शिकवायचे, संध्याकाळी आश्रमाला लागणारे सामान घ्यायचे आणि चालत हिंगणे गाठायचे. रात्री मुलींना शिकवायचे, आणि सकाळी पुन्हा पुण्याची वाट. उन्हाळा असो, पाऊस असो. चिखलात पाय रुतत, अंधारात ठेच लागे. उरलेल्या वेळात वर्गणीसाठी दारोदार फिरायचे. कोणी पैसा देई, कोणी शिव्या देई. दोन्ही घेऊन ते पुढच्या दाराशी जात.

आम्हांला तर ही वारीच वाटते. आपली वारी वर्षातून एकदोनदा घडते, यांची रोज घडली. वारीत आपण काय करतो? मुक्कामाचे ठिकाण ठरलेले असते, चाल ठरलेली असते, बरोबर माणसे असतात आणि मनात एकच ध्यास असतो. म्हणून सत्तरीचा वारकरी पंधरा-वीस दिवस चालतो आणि घरी आल्यावर म्हणतो, थकवा कसला तो कळला नाही. अण्णांच्याच घरातल्या सून इरावतीबाई कर्वे यांनी पालखीबरोबर पंढरपूरची वाट चालून पाहिली आणि ‘वाटचाल’ नावाचा लेख लिहिला, तो त्यांच्या ‘परिपूर्ती’ या पुस्तकात आहे. सासरे हिंगण्याच्या वाटेचे वारकरी, सूनबाई पंढरीच्या वाटेवर. असा हा योग.

येथे एक गोष्ट लपवून ठेवली तर चरित्र खोटे होईल. अण्णांच्या समाधानी वृत्तीचा भार घरच्यांनाही वाहावा लागला. आपल्या नावाची विम्याची पॉलिसीसुद्धा त्यांनी आश्रमाला देऊन टाकली. संसाराला आधार काय, मुलांचे काय, ही काळजी बायांच्या वाट्याला आली. बायांनी ‘माझे पुराण’ या आपल्या आठवणींत हे सारे स्पष्ट लिहिले आहे. तुकोबारायांच्या संसारात आवलीने जे सोसले, त्याची आठवण येते. एकाचे निश्चिंत मन दुसऱ्याच्या काळजीवर उभे असू शकते, हे प्रसन्नतेचा उपदेश करणाऱ्याने कधी विसरू नये. बायाही साध्या नव्हत्या. त्यांनी स्वतः आश्रमासाठी हिंडून पैसे मिळवले, आणि घर चालवले.

ज्या वयात लोक माळ ओढत बसतात

१९०७ साली महिला विद्यालय निघाले. १९०८ साली निष्काम कर्ममठ स्थापन झाला. गीतेतला शब्द त्यांनी संस्थेच्या नावाला घेतला. पुढे जपानातल्या स्त्रियांच्या विद्यापीठाविषयी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली आणि १९१६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. आरंभीच्या विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्या. लोकांनी हसून घेतले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव लागले. आज ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ म्हणून नांदते आहे.

साठी उलटली की आपल्याकडे म्हणतात, आता हरिहरी करीत बसावे. अण्णांनी एकाहत्तराव्या वर्षी परदेशची वाट धरली. १९२९ साली ते इंग्लंडला गेले, तेथून युरोप, अमेरिका, जपान असा प्रवास करून १९३० साली परतले. वर्ष संपायच्या आत पुन्हा निघाले ते आफ्रिकेला. प्रत्येक ठिकाणी आपल्या कामाची माहिती सांगायची आणि मदत मागायची. १९३६ साली, वय अठ्ठ्याहत्तर, खेड्यापाड्यांत जेथे शाळा नाही तेथे शाळा काढण्यासाठी त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले आणि त्यासाठी पुन्हा पायपीट करून वर्गणी मागू लागले. १९४४ साली, वय शहाऐंशी, माणसामाणसांतला भेद जावा म्हणून समता संघ काढला.

हे सगळे वाचताना आम्हांला एक गोष्ट फार जाणवली. अण्णा दीर्घ आयुष्य मागत नव्हते. त्यांच्यापुढे नेहमी उद्याचे काम होते, आणि त्या कामासाठी उद्याचा दिवस लागत होता, एवढेच. ज्याला सकाळी उठून कोठेतरी जायचे आहे, ज्याची कोणीतरी वाट पाहते आहे, त्याचे पाय आपोआप जमिनीला लागतात. म्हातारपणी माणूस खचतो तो पुष्कळदा अंथरुणाने नव्हे, तर आपली कोणाला गरज उरली नाही या जाणिवेने.

आणि दुःखे तेव्हाही थांबली नव्हती. १९५० साली सत्तावन्न वर्षांच्या संसारानंतर बाया गेल्या. १९५३ साली थोरला मुलगा रघुनाथ गेला. संततिनियमनाच्या प्रचारासाठी आयुष्यभर लोकनिंदा सोसलेला असा तो पुत्र. पंचाण्णव वर्षांच्या बापाने एकाहत्तर वर्षांच्या मुलाला निरोप देणे, हे दीर्घायुष्याचे मोल आहे. शंभर वर्षे जगावे असा आशीर्वाद आपण सहज देतो, पण शंभर वर्षे जगणाऱ्याला आपली माणसे एकेक करून पोहोचवावी लागतात, हे आशीर्वाद देताना आपल्या ध्यानात नसते.

१९५५ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि १९५८ साली, शंभरी पुरी झाली त्या वर्षी, भारतरत्न. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांच्या चित्राचे पोस्टाचे तिकीट काढले. ज्या गावाने पंक्तीला बसू दिले नव्हते, त्या गावच्या टपालातूनही ते तिकीट फिरले असेल. त्यानंतर चार वर्षांनी, पुण्यात, ते शांतपणे गेले.

हिशोब कसा मांडायचा?

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे येतो.

मनाचा आणि आयुष्याचा संबंध आहे का, हे अलीकडे शास्त्रज्ञांनीही तपासले आहे. अमेरिकेत ख्रिस्ती जोगिणींचा एक मठ-समुदाय आहे. त्यातल्या १८० जोगिणींनी तरुणपणी, साधारण बाविशीत, स्वतःच्या हाताने आपली थोडक्यात जीवनकथा लिहून ठेवली होती. त्या सगळ्यांचे राहणे एकासारखे, पुष्कळसे एकाच चाकोरीतले, जशी आपली दिंडी. पुढे साठएक वर्षांनी ते कागद काढून पाहिले. ज्यांच्या लिहिण्यात आनंद, कृतज्ञता, आशा हे भाव जास्त होते, त्या म्हातारपणी अधिक काळ टिकल्या. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. २०१९ साली असाच आणखी एक मोठा अभ्यास बाहेर आला. त्यात सुमारे सत्तर हजार स्त्रिया आणि चौदाशेवर पुरुष होते. ज्यांची वृत्ती सर्वांत आशावादी, त्यांचे आयुष्य सर्वांत निराश लोकांपेक्षा सरासरीने ११ ते १५ टक्के जास्त निघाले. व्यसन, खाणे, व्यायाम यांचा हिशोब वेगळा काढला तेव्हा हा फरक थोडा कमी झाला, पण उरलाच.

का बरे असे व्हावे? सतत चिंता करणाऱ्याच्या शरीरात ताणाची द्रव्ये वरचेवर पाझरतात. रक्तदाब चढतो, झोप उडते, हृदयाला शीण होतो. ज्याचे मन लवकर निवते त्याचे शरीरही लवकर निवते. शिवाय ज्याला उद्याची आशा आहे तो वेळेवर औषध घेतो, चालतो, चार माणसांत मिसळतो. म्हणजे संतांचे म्हणणे खोटे नाही.

पण हा सरासरीचा हिशोब आहे, बरं का. हजारो लोकांचा मेळ घातला तर असे दिसते. एकट्या माणसाच्या कपाळावर ते लिहिलेले नसते. शिवाय जो आधीच आजारी आहे, ज्याच्या घरात दोन वेळची भ्रांत आहे, त्याचे मन उदास असले तर त्यात नवल काय? कधी आजारामुळे मन खचते, आणि आपण मात्र म्हणतो की मन खचले म्हणून आजार आला. उलटे गणित मांडून दुबळ्या माणसाला दोष देणे हे पाप आहे.

आणि आपल्याला दुसरीकडे कशाला जायला हवे? आपल्या घरचाच हिशोब पाहू. ज्ञानोबा माउलींनी एकविसाव्या वर्षी समाधी घेतली. त्यांच्याहून प्रसन्न मन कोणाचे? तुकोबाराय चाळिशी ओलांडली न ओलांडली तोच वैकुंठाला गेले. एकनाथ महाराज सहासष्ट वर्षांचे होते. नामदेवराय ऐंशी वर्षे जगले. यावरून कोणी म्हणेल का की नामदेवांची भक्ती माउलींपेक्षा चौपट होती? आणि परंपरा सांगते की चांगदेव योगबळाने चौदाशे वर्षे जगले. पण माउलींना पत्र लिहायला बसले तेव्हा कागद कोराच राहिला. त्या कोऱ्या पत्राचा अर्थ सांगायला लहानगी मुक्ताई लागली. आमच्या शाहू छत्रपतींनाही ४७ वर्षेच मिळाली. १८७४ ते १९२२. त्या सत्तेचाळीस वर्षांत त्यांनी केले ते चौदाशे वर्षांतही कोणाकडून झाले नसते.

तेव्हा किती वर्षे मिळतील हे मनाच्या प्रसन्नतेवर एकट्यावर नाही. देहाची घडण, जन्माचे घर, अन्न, पाणी, रोगराई, दवाखाना जवळ आहे की लांब, हे सगळे त्यात येते. राधाबाई ऐन तारुण्यात गेल्या त्या काही मन वाईट होते म्हणून नव्हे. अण्णांच्या घरातल्या दोन माणसांना एकाच काळात इतके निराळे आयुष्य मिळाले, यातच सगळे आले.

मग प्रसन्न मनाचे काम काय? अण्णांच्या चरित्रातून आम्हांला कळले ते असे. प्रसन्न मन वर्षे विकत आणून देईलच असे नाही, पण मिळालेली वर्षे ते वाया जाऊ देत नाही. साताऱ्याला दार बंद झाले तर कोल्हापूरचे दार ठोठावायचे. गावाने टाकले तर माळावर झोपडी बांधायची. झालेला अपमान उगाळायचा नाही. जेवण मोजके, झोप वेळेवर, रोज थोडे चालणे, आणि कोणाच्या तरी उपयोगी पडणारे एक काम हाती धरून ठेवणे. यात न जमण्यासारखे काय आहे? आणि हे करूनही दुखणे आले, तर तो आपला गुन्हा नव्हे. दुखणे सांगावे, औषध घ्यावे, दुसऱ्याचा हात धरावा.

पुढच्या आषाढीला आम्ही त्या माउलीला शोधले. भेटली. यंदा ती सगळी वाट चालणार नव्हती. थोडे अंतर चालायचे, मग दिंडीमागून येणाऱ्या वाहनात बसायचे, असे तिने नातवाशी ठरवले होते. आम्ही तिच्याजवळ बसलो आणि अण्णांची गोष्ट सांगितली. माउलींची एकवीस वर्षे आणि नामदेवरायांची ऐंशी वर्षेही सांगितली. तिच्या मनात खोट नाही, गुडघ्यात आहे, हेही सांगितले. ती हसली. तिने डोक्यावरची तुळस आमच्या हाती दिली आणि पुईखडीपर्यंत ती आम्हीच न्यावी असे सांगितले.

त्या दिवशी ती तुळस आम्ही नेली. वाचकहो, तुमच्या दिंडीतही कोणी झाडाखाली बसलेले दिसले, तर उपदेश नंतर करावा. आधी त्याच्या डोक्यावरचे ओझे घ्यावे.

रामकृष्णहरी.